गावाजवळचं मातीचं धरण गळतंय म्हणजे फुटणार का?

जुलै लागला, दोन दिवस झड लागली की व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. कुठल्यातरी तलावाच्या बांधातून पाणी येतंय, मागून कोणीतरी ओरडतंय "धरण फुटणार, पळा", गावाचं नाव नाही, तारीख नाही, आणि नीट चौकशी केली तर तो दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीचा निघतो. यातले बरेचसे व्हिडिओ घाबरण्यासारखे नसतात, आणि जे खरंच घाबरण्यासारखं असतं ते मोबाईलच्या व्हिडिओत सहसा दिसत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. हे जायकवाडी-उजनीबद्दल नाहीये, तिथे इंजिनियर असतात, यंत्रं असतात, कंट्रोल रूम असते. मी बोलतोय ते गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या लहान धरणाबद्दल, म्हणजे पाझर तलाव, गाव तलाव, लघु पाटबंधाऱ्याचा तलाव, ज्याचा बांध फार तर दहा-पंधरा मीटर उंच असतो आणि ज्यातले कितीतरी ७२ च्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर घमेली वाहून उभे केलेत.

तर पहिली गोष्ट अशी की मातीचं धरण गळतंच. नवं असो, जुनं असो, उत्तम बांधलेलं असो, थोडंफार पाणी त्यातून जातंच. बांध आपल्याला बाहेरून मातीचा एकसारखा ढीग दिसतो पण आत दोन वेगवेगळे भाग असतात. मधे काळ्या चिकट मातीचा गाभा, त्याला साईटवर हार्टिंग म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच, ते केसिंग. पाण्याकडच्या उतारावर दगडांची पिचिंग, म्हणजे लाटांनी माती धुऊन जाऊ नये. आणि जमिनीखाली, जे कोणालाच दिसत नाही, तिथे कठीण थरापर्यंत खंदक खणून तोही काळ्या मातीने ठोकून भरलेला असतो, ज्याला सगळे सीओटी म्हणतात. आता काळी माती पाणी पूर्ण बंद करत नाही, ती त्याला खूप हळू करते, इतकंच. त्यामुळे गाभ्यातून पार झालेलं पाणी हळूहळू कोरड्या अंगाला पायथ्याशी येतं, आणि डिझाईन करणाऱ्याला हे आधीच माहीत असतं म्हणून तो तिथे वाळूची गाळणी आणि दगडांचा रचलेला पायथा, रॉक टो, देऊन ठेवतो. कल्पना साधी आहे, पाण्याला वाट द्यायची पण त्याच्याबरोबर मातीचा कण जाऊ द्यायचा नाही.

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. पायथ्याच्या दगडांतून स्वच्छ, नितळ पाणी वर्षानुवर्षं तेवढंच येतंय तर ते धरण आपलं काम करतंय, त्याच्यावर व्हिडिओ करायची गरज नाही. पण तेच पाणी गढूळ यायला लागलं तर बांधाच्या आतली माती बाहेर चाललीय, आणि ती कुठून चाललीय हे बाहेरून कळत नाही. पावसाच्या दिवसांत सगळंच पाणी लालसर दिसतं म्हणून डोळ्यांवर विसंबून राहू नका, पाण्याची रिकामी बाटली घ्या, जिथून पाणी बाहेर पडतंय अगदी तिथेच तोंडाशी धरून भरा, वाहून खाली आलेलं नको, आणि सावलीत दोन-चार तास ठेवून द्या. बुडाशी गाळाचा थर बसला किंवा पाणी चहासारखं गढूळच राहिलं तर फोन करायचा. कोणाला ते शेवटी सांगतो.

माती आतून वाहून जाते त्याला पायपिंग म्हणतात, आणि त्याची चाल उलटी असते हे लक्षात घ्या. ज्याने कधी शेतात पाटाचं पाणी धरलंय त्याला हे सांगायची गरज नाही, घुशीच्या बिळातून आधी बोटाएवढी धार लागते, तुम्ही वरच्या वाफ्याला पाणी देऊन परत येईपर्यंत तिथे फावडं मावेल एवढं भगदाड झालेलं असतं. धरणातही तसंच होतं. सुरुवात कोरड्या बाजूला, पाणी जिथे बाहेर पडतं तिथे होते, तिथला कण निघून जातो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं करत बोगदा बाहेरून आत, तलावाच्या दिशेने सरकत जातो. हे महिनोन् महिने चालू शकतं, काही ठिकाणी वर्षं. पण तो बोगदा एकदा पाण्याला जाऊन भिडला की पुढचा खेळ तासाभराचाच असतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ५ जून १९७६ ला टेटन धरण गेलं, नवंकोरं, पहिल्यांदाच भरत होतं, सकाळी गळती दिसली आणि दुपार व्हायच्या आत धरण नव्हतं, आणि ते तर सरकारी तज्ज्ञांनी बांधलेलं नव्वद मीटरच्या वर उंचीचं धरण होतं.

आता पायपिंग सुरू व्हायला सगळ्यात लाडकी जागा कुठली, तर विमोचक. म्हणजे बांधाच्या पोटातून जो पाईप किंवा दगडी बोगदा कालव्याकडे जातो तो. मातीवर रोलर फिरवून ती ठोकता येते, पण पाईपच्या कुशीत, खालच्या अंगाला रोलर जात नाही, तिथे हाताने धुम्मसच मारावा लागतो आणि बिल काढायची घाई असली की तिथेच कंटाळा होतो. मग काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये एक बारीक फट राहते आणि पाणी त्या फटीच्या शोधातच असतं. पुण्याच्या पानशेतचं मूळ इथेच आहे. १९६१ सालच्या पावसाळ्यात धरणाचं काम पुरतं झालेलं नसतानाच पाणी अडलं, विमोचकाचं काम अर्धवट, त्यातून जोरात पाणी वाहू लागलं, त्याच्या वरची माती खचत गेली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि १२ जुलैच्या सकाळी बांध गेला, त्या लोंढ्यात खालचं दगडी खडकवासलाही फुटलं. मोठं धरण होतं ते, पण दुखणं लहान तलावाला होतं तेच. त्यामुळे बांधावर गेलात की आधी विमोचक जिथे बाहेर पडतो तिथे उतरा. व्हॉल्व्ह बंद असताना पाईपच्या आतून धार लागलेली असेल तर तो व्हॉल्व्हचा दोष, वैताग आहे पण जीवावरचा नाही. पाईपच्या बाहेरून, काँक्रीटला घासून ओल येत असेल, तर मात्र ते साधं घेऊ नका.

आणि खेकडे. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गावकरी गळतीबद्दल आधीपासून सांगत होते. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी भिंत पोखरली, आणि मग महाराष्ट्रभर जो संताप आणि जी चेष्टा झाली ती सगळ्यांना आठवत असेल, लोकांनी खेकडे हातात घेऊन आंदोलनं केली. आता खरं सांगायचं तर बिळं हा प्रकार खोटा नाही. खेकडे, घुशी, उंदीर, मुंग्या, वाळवी, सगळे बांध पोखरतात, जगभरच्या तपासणीच्या नियमांत बिळं शोधा आणि भरा असं लिहिलेलं असतं. पण म्हणूनच ते कारण म्हणून सांगता येत नाही ना, खेकडा काय एका रात्रीत येत नाही, तो दरवर्षी तिथेच असतो, प्रश्न एवढाच की त्याचं बीळ कोणी बघितलं का आणि बघितल्यावर ठोकून भरलं का. बीळ भरायचं म्हणजे वरून दोन पाट्या मुरूम लोटायचा नाही. जिथपर्यंत जातं तिथपर्यंत खणायचं आणि ओलसर चिकट मातीचे वीतभराचे थर देत धुम्मसाने ठोकत वर यायचं.

झाडांचंही तेच. बांधावर बाभूळ, वेडी बाभूळ, निर्गुडी माजलेली असते आणि लोकांना वाटतं मुळं माती धरून ठेवतात, छान आहे. गवत धरून ठेवतं. झाड नाही. झाडाची मुळं ओलाव्याच्या मागे गाभ्यापर्यंत जातात, वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊनच पडतं, आणि कोणी ते कापून नेलं तर आणखी वाईट, कारण मुळं आत कुजून जातात आणि तयार नळ्या मागे ठेवतात. रोपटं मनगटाएवढं व्हायच्या आत मुळासकट काढायचं हे खरं. मोठं झालेलं झाड बघून कुऱ्हाड चालवू नका, ते तलाव रिकामा असताना, मुळं काढून, खड्डा ठोकून भरून करायचं काम आहे. शिवाय झाडोरा असला की बांध दिसतच नाही, ही वेगळीच अडचण.

मे महिन्यात जा, तेव्हा बांध सगळ्यात जास्त बोलतो. आजूबाजूचं सगळं करपलेलं आणि कोरड्या उतारावर मध्येच खाटेएवढा हिरवागार पट्टा दिसला, त्यात लव्हाळ्यासारखं पाण्यातलं गवत उगवलंय, पाय ठेवला की पंजा रुततो, तर आत पाणी आहे आणि ते पायथ्याच्या गाळणीतून न येता वरूनच फुटायला बघतंय. पायथ्याजवळची ओल एक वेळ चालते, उताराच्या मध्यावरची चालत नाही. तिथे खुणेला एक खुंटी ठोका, मोबाईलवर फोटो काढा आणि फोटोत खुंटी येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी पट्टा वर सरकला की खाली हे भांडण होत नाही.

आता मोजायचं कसं. खात्याचे लोक व्ही-नॉच बसवतात, म्हणजे पत्र्याला त्रिकोणी खाच असते आणि त्यातून पाणी किती उंचीने वाहतंय त्यावरून गळती काढतात, पण लहान तलावावर एक तर तो नसतो किंवा पत्रा केव्हाच चोरीला गेलेला असतो. हरकत नाही. पायथ्याचं सगळं पाणी एका चरात आणा, तिथे पाईपचा एक तुकडा बसवा, रंगाची २० लिटरची बादली त्याच्याखाली धरा आणि मोबाईलच्या घड्याळावर वेळ बघा. ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. आकडा ऐकायला मोठा वाटतो पण एकटा आकडा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी लिहायलाच पाहिजे, कारण तलाव भरला की गळती वाढणारच, त्यात नवल नाही. गेल्या वर्षी सांडव्याच्या, म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या वाटेच्या, बरोबरीला पाणी असताना बादली ४० सेकंदांत भरत होती आणि यंदा तेवढंच पाणी असताना २० सेकंदांत भरतेय, हे मात्र गंभीर. आणि उलटंही असतं बरं का, गळती एकदम कमी झाली म्हणून पेढे वाटू नका, गाळणी तुंबली असेल तर पाणी दुसरीकडून वाट काढतं. मोजताना दोन दिवस पाऊस पडलेला नसावा, नाहीतर तुम्ही उतारावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी मोजत बसाल.

इथपर्यंत सगळं गळतीचं झालं, पण जगभरच्या फुटलेल्या मातीच्या धरणांचा हिशोब मांडला तर आतून माती वाहून गेलेली साधारण निम्मी, आणि जवळजवळ तितकीच माथ्यावरून पाणी गेल्यामुळे फुटलेली. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बहुतेक वेळा टिकतं. मातीच्या बांधावरून फूटभर पाणी काही वेळ जरी वाहिलं तरी कोरड्या उताराची माती लोण्यासारखी कापली जाते. म्हणून मातीच्या धरणाचा खरा जीव सांडव्यात असतो, भिंतीत नाही. गुजरातमधल्या मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला फुटलं तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त होता, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले आणि मधला दगडी सांडवा जागच्या जागी उभा राहिला.

आणि सांडव्याशी खेळ करण्यात आपण गाववाले पटाईत आहोत, हे बोललंच पाहिजे. सप्टेंबरात पाऊस ओसरतोय असं वाटलं की सांडव्यावर वाळूची पोती किंवा दगड-माती रचून हातभर पाणी जास्त साठवायचं, रब्बीला एक पाळी जास्त मिळते ना. मग परतीचा पाऊस येतो. बांधाच्या माथ्यापर्यंत जी दीड-दोन मीटर उंची मोकळी सोडलेली असते ती उधळपट्टी नसते, पुराच्या वेळी सांडव्यावरून पाण्याचा जो थर जाणार त्याच्यासाठी आणि वर लाटांसाठी ती राखीव असते, आणि ती आपण पोत्यांनी खाऊन टाकतो. दुसरा प्रकार मासेमारीचा, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर आडवी जाळी लावतात, पुरात त्या जाळीला पालापाचोळा, ओंडके, कडबा अडकतो आणि तिचीच भिंत होते. तिसरा, सांडव्याच्या पुढचा चर. तिथे वर्षभर पाणी नसतं म्हणून कोणीतरी हळूच नांगर घालतं, मग बांध घालतं, मग सातबारा दाखवायला लागतं.

माथ्याची पातळीही बघून घ्या. बांध वर्षानुवर्षं बसत जातो आणि सगळीकडे सारखा बसत नाही, त्यात ट्रॅक्टर, गुरं, यांची वाट ठरलेली, त्यामुळे एखाद्या ठिकाणी माथा हातभर खचलेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गवंडी लेव्हलसाठी पाण्याची पारदर्शक नळी वापरतो ती आणा, दोघं जण लागतील, अर्ध्या दिवसात सगळा बांध होतो. जी जागा सगळ्यात खाली निघेल, पूर आला तर पाणी तिथूनच जाणार.

एक विषय जरा नाजूक आहे, गाळाचा. गाळ काढणं चांगलंच आहे, शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, शेतात गाळ पडला की जमीन सुधारते, साठा वाढतो. पण पोकलेन कुठे चालतोय यावर लक्ष ठेवा. बांधाच्या आतल्या पायथ्याशी वर्षानुवर्षं जो बारीक गाळ बसलेला असतो तो गळती रोखायचं फुकट काम करत असतो. तिथेच खोल खड्डा केला तर तो थरही जातो आणि उताराच्या पायाचा आधारही जातो. रस्ता जवळ पडतो म्हणून ट्रॅक्टरवाल्यांना नेमका बांधाजवळचाच गाळ हवा असतो. तलावाच्या मागच्या बाजूने, पात्राकडून काढा म्हणावं. हीच गोष्ट कोरड्या बाजूला पायथ्याला लागून विहीर पाडणाऱ्यांची, पाणी लागतं यात शंका नाही, पण ते कुणाचं लागतं ते बघा ना. आणि बांध फोडून पीव्हीसी पाईप टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

उन्हाळ्यात माथ्यावर ज्या भेगा पडतात त्यांतही फरक असतो. वाळलेल्या काळ्या मातीच्या आडव्यातिडव्या, जाळीसारख्या, उथळ भेगा सगळीकडे असतात. बांधाच्या लांबीला समांतर लांबलचक भेग आणि तिच्या एका बाजूची माती दोन बोटं खाली बसलेली, म्हणजे उतार घसरायला निघालाय. आणि बांधाला आडवी, म्हणजे तलावाकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग ही सगळ्यात वाईट, ती पाण्याला तयार रस्ता देते. काडी घालून खोली बघा, पाऊस सुरू व्हायच्या आत तिथे ताडपत्री टाका आणि इंजिनियर आल्याशिवाय वरवर माती लोटून ती झाकू नका, झाकली की त्याला काही दिसत नाही.

समजा प्रसंग आलाच. गढूळ पाणी यायला लागलंय, धार वाढतेय. पहिलं काम बांधावर नाही, खाली आहे, ओढ्याकाठची घरं रिकामी करा, रात्र असेल तर आधी तेच, पाऊस थांबायची वाट बघू नका. मग ज्या भोकातून पाणी येतंय ते चिखल किंवा प्लास्टिक कोंबून बंद करायला जाऊ नका, हे सगळ्यांना सुचतं आणि हेच चुकतं, दाब आत वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं. तिथे जाड वाळू, तिच्यावर खडी, खडीवर दगड असा थर द्यायचा, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. पायथ्याच्या जमिनीत पाणी उकळल्यासारखं बुडबुडत वर येत असेल तर त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचायचं, आत पाणी चढलं की जोर कमी होतो. तलावात जर कुठे भोवरा दिसत असेल तर मात्र त्या बाजूने बंद करायचं, पोती, दगड, पेंढ्या, ताडपत्री, जे हाताशी असेल ते, पण कोणीही पाण्यात उतरायचं नाही. आणि विमोचक उघडून पातळी खाली आणायला लागायचं. लहान तलावाचा विमोचक छोटा असतो, त्यामुळे पातळी इतकी सावकाश उतरते की आतला उतार घसरायची भीती कमी, पण पोकलेन लावून एकदम खाली आणायची असेल तर ते इंजिनियर उभा असल्याशिवाय करू नये.

हे जमतं याचं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या, अजून बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली, बांधाची माती घसरायला लागली. प्रशासनाने खालची १८ गावं रिकामी केली, सैन्य आणि एनडीआरएफला बोलावलं, पोकलेन लावून बाजूने चर खोदला आणि पाणी काढून दिलं. त्या धरणाच्या कामाच्या दर्जावर पुढे व्हायची ती बोंबाबोंब झाली आणि व्हायलाच हवी होती, पण माणसं वाचली.

राहता राहिला प्रश्न धरण कोणाचं. महाराष्ट्रात ढोबळमानाने १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेला तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाचा, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाचा आणि त्यावर जलसंपदा विभागाचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरमधलं धरण असेल तर काही अटी आहेत, उदाहरणार्थ बांध ५०० मीटर किंवा त्याहून लांब असणं किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असणं. या कायद्यात बसणाऱ्या धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणजे गावोगावचे बहुतेक पाझर तलाव या कायद्याच्या बाहेरच राहतात, आणि तिथे चौकीदारही नसतो. बसत असेल तर माहितीच्या अधिकारात शेवटच्या दोन तपासण्यांचे अहवाल मागा. बसत नसेल तर ग्रामसभेचा ठराव, सोबत खुंटीसकट फोटो, बादलीचे आकडे आणि त्या-त्या दिवसाची पातळी, हे सगळं उपअभियंत्याकडे द्या आणि पोच घ्या, एक प्रत तहसीलदारांना. नुसतं "धरण गळत आहे, कृपया दखल घ्यावी" या अर्जाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, पण "तलाव तेवढाच भरलेला असताना गळती दुप्पट झाली आहे" असं आकड्यांसकट लिहिलेलं पत्र फाईलला लावून ठेवायला कुठल्याही साहेबाला जरा जड जातं. आणि पाणी गढूळ असेल तर पत्र नंतर, आधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन, तोही लागला नाही तर ११२.